शिवकर बापूजी तळपदे

शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) हे मुंबईतील संस्कृतज्ञ, कलाशिक्षक व वेदाभ्यासक होते. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ साली, त्यांनी गिरगावच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मनुष्यरहित विमान उडविले, अशी आख्यायिका महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही प्रचलित आहे. या उड्डाणाचा समकालीन पुरावा आढळलेला नाही. तरीही वृत्तपत्रांतील लेख, शालेय भाषणे, प्रश्नमंजूषा आणि चित्रपट यांतून ही कथा वारंवार सांगितली गेली आहे. परिणामी आज तळपदे या नावाने दोन व्यक्ती ओळखल्या जातात. पहिली व्यक्ती विमानविद्येच्या ध्यासाने वेदांचा अभ्यास करणारी, ग्रंथ लिहिणारी आणि प्रतिकृती करून पाहणारी. दुसरी व्यक्ती सर्वस्वी कथेत वावरणारी, पाऱ्यावर विमान चालविणारी आणि परकीय सत्तेच्या कारस्थानाला बळी पडणारी. प्रस्तुत लेखात या दोहोंची माहिती शक्य तेथे वेगवेगळी दिली आहे.

जीवन

तळपदे हे पाठारे प्रभू समाजातील होते. मुंबईच्या जुन्या रहिवाशांपैकी असलेल्या या समाजात इंग्रजी शिक्षण लवकर रुजले होते. तळपदे यांचे वास्तव्य चिराबाजार परिसरात होते. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे ते तेथेच शिक्षक झाले. रेखाटन, मापन आणि लाकूड-धातूवरील हस्तकाम यांची सवय असलेल्या माणसाला प्राचीन वर्णनांवरून यंत्राचा आराखडा मांडण्याची इच्छा व्हावी, हे स्वाभाविक होते. वेदविद्येचा त्यांचा अभ्यास मात्र कलाशाळेच्या चौकटीबाहेरचा होता.

त्यांच्या ग्रंथलेखनात ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ (१९०७) आणि ऋग्वेदाच्या पहिल्या सूक्ताचा अर्थ उलगडणारे पुस्तक (१९०९) यांचा उल्लेख केला जातो. योगदर्शनातील शब्दांवरही त्यांनी लिहिले. यावरून त्यांच्या आस्थेचे विषय स्पष्ट होतात. ते मूलतः वैदिक वाङ्मयाचे भाष्यकार होते आणि विमान हा त्या भाष्याचा एक भाग होता. त्यांच्यावरील बहुतेक लोकप्रिय लेखनात ही बाजू दोन वाक्यांत उरकली जाते आणि उरलेली सारी जागा चौपाटीच्या प्रसंगाला मिळते.

वैचारिक पार्श्वभूमी

तळपदे यांना विमानाची कल्पना कशी सुचली, याचे उत्तर त्यांच्या काळातील मुंबईत शोधावे लागते. स्वामी दयानंद सरस्वती यांनी १० एप्रिल १८७५ रोजी मुंबईत, गिरगाव भागात, आर्यसमाजाची स्थापना केली. तळपदे त्या वेळी अकरा वर्षांचे होते. दयानंदांच्या ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिका’ या ग्रंथात ‘नौविमानादिविद्याविषय’ नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. अश्विनीकुमारांच्या रथासंबंधीच्या ऋचांचा अर्थ तेथे जहाजे व विमाने यांच्या विद्येकडे वळविला आहे. तारायंत्राच्या विद्येवरही त्यात निराळे प्रकरण आहे. कलाशाळेतील चिरंजीलाल वर्मा या शिक्षकांनी तळपदे यांचे लक्ष दयानंदांच्या ग्रंथांकडे वेधले, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात सांगितले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे, तारायंत्र आणि वाफेची जहाजे परकीय राज्यकर्त्यांच्या हाती होती. आपल्या पूर्वजांजवळही अशी विद्या होती, असे सांगणारा अर्थ त्या पिढीच्या सुशिक्षित तरुणांना मोठा आधार वाटला. तळपदे त्याच पिढीतले होते. अर्थ सांगून थांबावयाचे नाही, यंत्र करून पाहावयाचे, असे त्यांनी ठरविले, हे त्यांचे वेगळेपण. पूर्वजांच्या वैभवावर व्याख्याने देणारे पुष्कळ होते. हत्यारे घेऊन बसणारे थोडे.

‘मरुत्सखा’ हे नावही त्यांच्या वेदाभ्यासाशी सुसंगत आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील ९६व्या सूक्तात सरस्वतीला हे विशेषण लावलेले आहे. ‘मरुतांची सखी’ असा त्याचा अर्थ होतो. मरुत म्हणजे वादळवाऱ्याच्या देवता, म्हणून वाऱ्याशी सख्य असलेल्या यंत्राला हे नाव शोभते. काही लेखनात ‘मरुत्शक्ती’ असेही नाव आढळते. ते पुनर्कथनात बदललेले रूप असावे.

आख्यायिकेतील विमान

प्रचलित कथा साधारणपणे पुढीलप्रमाणे सांगितली जाते. १८९५ साली मोठ्या जनसमुदायासमोर तळपदे यांनी चौपाटीच्या वाळूवरून आपले विमान सोडले. ते सुमारे १,५०० फूट उंच गेले आणि मग खाली कोसळले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे प्रेक्षकांत उपस्थित होते. ‘केसरी’त याची बातमी आली. महाराजांनी अर्थसाहाय्य देऊ केले; पण इंग्रज सरकारने दडपण आणल्यामुळे ते थांबले. पुढे पत्नीच्या निधनाने तळपदे खचले. त्यांच्या मृत्यूनंतर नातेवाइकांनी विमानाचे अवशेष ‘रॅली ब्रदर्स’ या व्यापारी पेढीला विकले. कथेची काही रूपे इतक्यावर थांबत नाहीत. त्यांत आराखडे विलायतेमार्गे अमेरिकेत जातात आणि राइट बंधूंच्या हाती पडतात.

एकाच यंत्राची इतकी भिन्न वर्णने क्वचितच वाचावयास मिळतात. एका कथनात ते बांबूचे नळकांडे आहे, तर दुसऱ्यात पंख असलेला पक्षी. इंधन म्हणून कुठे पारा सांगितला जातो, कुठे पारा व सूर्यकिरण, तर अलीकडच्या लेखनात थेट ‘आयन इंजिन’. उड्डाणाचा अवधी काही ठिकाणी काही मिनिटांचा आहे, काही ठिकाणी त्याहून पुष्कळ अधिक. बहुतेक कथनांत विमान रिकामे आहे, परंतु स्वतः तळपदे त्यात बसल्याचेही सांगितले जाते. खुद्द तळपदेही कुठे ‘पंडित’ आहेत, कुठे ‘डॉक्टर’. प्रतिकूल तपशील देणारी कथनेही आहेत. त्यांच्यानुसार विमान थोडेसेच वर गेले आणि लगेच पडले. अशा कथनांना प्रसिद्धी मात्र फारशी मिळाली नाही.

कथेतील मान्यवरांची निवड लक्षणीय आहे. सयाजीराव गायकवाड विद्या व कला यांचे आश्रयदाते म्हणून सर्वज्ञात होते. रानडे हे त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते आणि त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. ‘केसरी’ म्हणजे लोकमान्य टिळकांचे पत्र. साक्षीदार म्हणून यांच्यापेक्षा विश्वासार्ह नावे त्या काळच्या महाराष्ट्रात सापडणे कठीण होते. लोककथेत एखाद्या संताच्या चमत्काराला राजा आणि पंडित साक्षी ठेवण्याची जी रीत असते, तिचेच हे नागर रूप म्हणता येईल.

रॅली ब्रदर्स ही मूळ ग्रीक कुटुंबाची, लंडनमध्ये केंद्र असलेली पेढी होती. तिचा व्यवहार कापूस, ताग, गळिताची धान्ये अशा मालाचा होता. मोडक्या विमानाची खरेदी अशा पेढीने का करावी, याचे स्पष्टीकरण कथेत येत नाही. परकीय कंपनी एवढीच तिची तेथील भूमिका आहे.

समकालीन पुराव्याचा प्रश्न

१८९५ची मुंबई वृत्तपत्रांनी गजबजलेली होती. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ व ‘बॉम्बे गॅझेट’ ही इंग्रजी पत्रे, मराठी-इंग्रजी ‘इंदुप्रकाश’, गुजराती ‘मुंबई समाचार’ व ‘जामे जमशेद’ ही सर्व पत्रे शहरातूनच निघत होती. सार्वजनिक कुतूहलाच्या घटना त्यांच्यातून सुटत नसत. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्याची तारीख, स्थळ व दर आज सांगता येतात, कारण त्याची जाहिरात ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छापून आली होती. कलकत्त्यात १८८९ साली रामचंद्र चटर्जी यांनी बलूनमधून आकाशगमन केले, त्याचीही वृत्ते उपलब्ध आहेत. चौपाटीवर शेकडो लोकांसमोर यंत्र आकाशात गेले असते, तर ती त्या वर्षातील सर्वांत मोठी बातमी ठरली असती.

‘केसरी’तील कथित वृत्ताचा दाखला अनेक लेखांत दिला जातो, पण अंकाची तारीख व पृष्ठ देऊन तो मजकूर कोणी पुढे ठेवलेला नाही. ‘केसरी’ हे साप्ताहिक होते आणि एका वर्षाचे अंक पन्नासच्या आसपास भरतात. असे वृत्त असते, तर ते शोधणे अवघड नव्हते. गायकवाड वा रानडे यांच्या ज्ञात चरित्रांतही असा प्रसंग येत नाही. इंग्रज सरकारने पुरावे नष्ट केले, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो स्वीकारल्यास वेगवेगळ्या मालकांची व भाषांची वृत्तपत्रे, खासगी पत्रे आणि रोजनिश्या यांतील सर्व उल्लेख एकाच वेळी नाहीसे झाले, असे मानावे लागते. याच टिळकांचे ‘केसरी’तील लेख सरकारला किती खुपत होते आणि तरीही ते कसे जसेच्या तसे टिकून आहेत, हे १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्यावरून दिसून येते.

शोध लागला की त्याच्या खुणा कशा उरतात, याची उदाहरणे त्याच शहरात आहेत. तळपदे यांच्याहून तीन वर्षांनी लहान असलेले शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) हेही मुंबईचेच. मुद्रणासाठी खिळे पाडणारे ‘भिसोटाइप’ यंत्र त्यांनी तयार केले. लंडनमध्ये दादाभाई नौरोजी यांनी त्यांना साहाय्य केले आणि पुढे ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले. त्यांना भांडवलदारांनी फसविले, यंत्र बाजारात अपेक्षेप्रमाणे चालले नाही, अशा तक्रारी त्यांच्याही चरित्रात आहेत. परंतु त्यांची पेटंटे नोंदलेली आहेत आणि यंत्रांच्या आकृत्या पाहता येतात. भिसे यांचे नाव आज तळपदे यांच्या मानाने फारच कमी विद्यार्थ्यांना ठाऊक असते. ही विसंगती खेदजनक आहे.

दुसरे उदाहरण विदर्भातील वर्ध्याशी निगडित आहे. अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, आठ तासांत १६,००० वार सूत निघावे, सुताचा नंबर १२ ते २० असावा, यंत्र वीस वर्षे टिकावे आणि खेड्यातील झोपडीत चालविता यावे, अशा अटी होत्या. कित्येक यंत्रे आली. पण अटी पूर्ण न झाल्याने पारितोषिक कोणालाच मिळाले नाही. येथे ज्यांना अपयश आले, त्यांचेही प्रयत्न इतिहासात नोंदले गेले, कारण यंत्र समोर होते आणि मोजमाप झाले होते. वर्धा येथील मगन संग्रहालयात, ज्याचे उद्घाटन महात्मा गांधी यांच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले, चरख्याच्या सुधारणेचा हा प्रवास प्रत्यक्ष यंत्रांतून पाहता येतो. मरुत्सखाचा असा एकही भाग कोणत्याही संग्रहालयात अभ्यासासाठी उपलब्ध नाही.

पारा हे इंधन

कथेच्या सर्व रूपांत टिकून राहिलेली गोष्ट म्हणजे पारा. त्याचे मूळ अगदीच निराधार नाही. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील वास्तुग्रंथात यंत्रविधानावरील अध्याय आहे. हलक्या लाकडाच्या पक्ष्याच्या पोटात पाऱ्याचे पात्र ठेवावे आणि त्याखाली अग्नी पेटवावा, म्हणजे आतील मनुष्यासह तो आकाशात जातो, अशा आशयाचे वर्णन तेथे आहे. यंत्रांची घडण सविस्तर सांगितलेली नाही ती अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी, असेही ग्रंथकार नमूद करतो. वाङ्मय म्हणून हा भाग अत्यंत रोचक आहे. त्यात परिमाणे, वजने आणि सांधे यांचा तपशील नसल्याने त्यावरून यंत्र बांधता येत नाही.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पारा इंधन ठरत नाही, कारण तो जळून उपयुक्त ऊर्जा देत नाही. फार तर पाण्याऐवजी त्याची वाफ करून चक्र फिरविता येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील काही वीजकेंद्रांत पाऱ्याच्या वाफेवरील टर्बाइन चालविली गेली, पण तेथेही उष्णता दुसऱ्या इंधनातून येत होती. पाऱ्याचा उत्कलनबिंदू सुमारे ३५७ अंश सेल्सिअस आहे आणि एक लिटर पाऱ्याचे वजन साडेतेरा किलोग्रॅमहून अधिक भरते. विमानात प्रत्येक तोळ्याचा हिशेब असतो. तेथे पाऱ्याचे पात्र, त्याखालची भट्टी आणि तिचे सरपण हे ओझे कोणत्याही पंखांना पेलणारे नव्हते. पाऱ्याची वाफ विषारी असते, हा मुद्दा निराळाच.

‘आयन इंजिन’ हा शब्द कथेत उशिरा शिरला. अमेरिकी संशोधक हॅरल्ड कॉफमन यांनी १९६०च्या सुमारास पाऱ्याच्या आयनांवर चालणारे इंजिन विकसित केले आणि १९६४ साली त्याची अवकाशात चाचणी झाली. त्या इंजिनाचा रेटा टंकलेखनाच्या एका कागदाच्या वजनाइतकाही नव्हता. हवेचा विरोध नसलेल्या अवकाशात तो दीर्घकाळ लाभत राहिला, तर उपयोगी पडतो. जमिनीवरून कोणतीही वस्तू त्याने उचलली जात नाही. एका बाजूला पारा, दुसऱ्या बाजूलाही पारा, एवढ्या साम्यावर हा संबंध जोडला गेला आहे.

वैमानिकशास्त्र आणि तळपदे

तळपदे यांनी भरद्वाज ऋषींच्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथावरून विमान बांधले, असे विधान सर्रास केले जाते. हा ग्रंथ आज ज्या रूपात मिळतो, ते रूप कर्नाटकातील आनेकल येथील पंडित सुब्बराय शास्त्री यांच्या मुखातून आलेले आहे. शास्त्रींनी तो १९१८ ते १९२३ या काळात आपले सहकारी वेंकटाचल शर्मा यांना सांगून लिहवून घेतला. भरद्वाजांकडून अंतःप्रेरणेने तो आपणास प्राप्त झाला, असे त्यांचे म्हणणे होते. विमानांच्या आकृत्या १९२३ साली बंगळुरूचे आरेखक एल्लप्पा यांनी शास्त्रींच्या सांगण्यावरून काढल्या. ग्रंथ जनतेसमोर आला तो म्हैसूरचे जी. आर. जोसयर यांच्यामुळे, १९५०नंतर. हिंदी आवृत्ती १९५९ साली आणि इंग्रजी अनुवादासह आवृत्ती १९७३ साली निघाली.

या तारखांवर नजर टाकली तरी विधानातील अडचण ध्यानात येते. १८९५ साली हा ग्रंथ लिहिलेला नव्हता आणि तो लिहून पूर्ण होण्याआधीच तळपदे यांचे निधन झाले होते.

ग्रंथात शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर अशी चार प्रमुख विमाने येतात. त्रिपुर विमान जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही ठिकाणी चालते. वैमानिकाने कोणत्या ऋतूत कोणता आहार घ्यावा, कोणते वस्त्र नेसावे, हे सांगितले आहे. वैमानिकाला बत्तीस रहस्ये अवगत असावीत, अशी अट आहे आणि विमान अदृश्य करणे हे त्यांतले एक. धातूंची लांबलचक नावे आणि ते तयार करण्याच्या कृती आहेत. ग्रंथ गंभीर भावाने सांगितलेला असला, तरी कल्पनाशक्तीचा असा मनसोक्त विहार आधुनिक संस्कृतात अन्यत्र फारसा नाही.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी या ग्रंथाची तपासणी करून १९७४ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे, एच. आर. नागेंद्र, ए. प्रभू आणि एस. पी. गोविंदराजू हे ते संशोधक होत. त्यांनी ग्रंथाची भाषा, त्याचा उगम आणि त्यातील यंत्रे या तिन्ही अंगांनी विचार केला. ग्रंथाची भाषा वैदिक नसून सोपी, अर्वाचीन संस्कृत आहे आणि तो १९०४च्या पूर्वीचा असू शकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वर्णन केलेल्या विमानांपैकी एकही उडण्यायोग्य नाही. त्यांच्या चालनाची जी तत्त्वे दिली आहेत, ती उड्डाणाला साहाय्य करण्याऐवजी अडथळाच आणतील, असेही त्यांनी दाखविले.

याच अभ्यासात तळपदे यांच्याविषयी एक महत्त्वाचा उल्लेख आहे. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी विमानाच्या प्रतिकृती तयार करण्याचा प्रयत्न केला; पण त्यांतील एकही उडू शकली नाही, अशी माहिती संशोधकांना शास्त्रींच्या निकटवर्तीयांकडून मिळाली. हे कथन विरोधकांचे नाही. प्राचीन विमानविद्येवर श्रद्धा असलेल्या आणि तळपदे यांच्याविषयी आदर बाळगणाऱ्या वर्तुळातून ते आले आहे. तळपदे यांच्या प्रयोगांविषयी जे काही हाती आहे, त्यात विश्वासाला सर्वांत जवळचे असे हेच आहे. त्यावरून दिसणारा मनुष्य प्रतिकृती करतो, ती उडत नाही, म्हणून पुन्हा करतो. आख्यायिकेने त्याच्या हातून ते अपयश काढून घेतले आणि त्याबरोबर त्याचे श्रमही.

‘पहिले विमान’ या दाव्याचा अर्थ

चर्चेसाठी १८९५चे उड्डाण घडले असे गृहीत धरले, तरी राइट बंधूंशी केलेली तुलना योग्य ठरत नाही. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे राइट बंधूंनी साधले ते हवेपेक्षा जड, इंजिनावर चालणाऱ्या, आत मनुष्य असलेल्या आणि त्याच्या नियंत्रणात राहिलेल्या यंत्राचे उड्डाण. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. त्याच दिवसाचे शेवटचे ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे. उड्डाणाचे छायाचित्र आहे, घरी पाठविलेली तार आहे आणि साक्षीदारांची नावे आहेत. त्यांचे खरे यश उंचीत वा अंतरात नसून यंत्र हवेत तोलून वळविण्याच्या युक्तीत होते.

मनुष्यरहित यंत्रे त्यापूर्वीच उडाली होती. फ्रान्समध्ये आल्फोन्स पेनो याने १८७१ साली रबराच्या पिळावर चालणारी छोटी प्रतिकृती पॅरिसच्या उद्यानात ११ सेकंद उडवून दाखविली. अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली याचे वाफेच्या इंजिनावरील मनुष्यरहित यंत्र ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले आणि दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी त्याची छायाचित्रे घेतली. म्हणजे मरुत्सखा उडाले असते, तरी त्याचे स्थान पेनो आणि लँग्ली यांच्या मालिकेत लागले असते. हे स्थानही अत्यंत मानाचे होते. पण आख्यायिकेला ‘पहिले’ याहून कमी काही चालत नाही.

भारतात इंजिनाच्या विमानांची निर्विवाद उड्डाणे १९१०च्या अखेरीस झाली. १८ फेब्रुवारी १९११ रोजी हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीपर्यंत सुमारे ६,५०० पत्रे विमानाने नेली आणि जगातील पहिली अधिकृत हवाई टपाल फेरी नोंदली गेली. तळपदे तेव्हा हयात होते.

अलीकडील प्रसिद्धी

एकविसाव्या शतकाच्या आरंभी, राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीच्या सुमारास, वृत्तपत्रांतून तळपदे यांच्यावरील लेखांना जोर आला आणि आंतरजालामुळे कथा सर्वदूर पोहोचली. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या १०२व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये संस्कृतातील प्राचीन विज्ञानावर एक सत्र झाले. त्यात ‘वैमानिकशास्त्रा’च्या आधारे प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला. विज्ञानाच्या व्यासपीठावर असा निबंध असावा का, यावर देशविदेशांतील शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आणि १९७४चा अभ्यास पुन्हा चर्चेत आला.

त्याच महिन्यात, ३० जानेवारी २०१५ रोजी, ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शन विभू पुरी यांचे असून आयुष्मान खुराना यांनी तळपदे यांच्यावर बेतलेली भूमिका केली आहे. मिथुन चक्रवर्ती शास्त्रींच्या भूमिकेत आहेत. पडद्यावरील नायक शाळेत वारंवार नापास होणारा, नर्तिकेच्या प्रेमात पडलेला छंदिष्ट तरुण आहे. कलाशाळेतील शिक्षक, वेदांचा भाष्यकार आणि मराठी ग्रंथकार या नात्याने तळपदे यांचा जो काही परिचय होता, त्यातले या नायकात जवळजवळ काही उरलेले नाही. चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही. तथापि त्यातील प्रसंग पुढे ‘इतिहास’ म्हणून समाजमाध्यमांवर फिरू लागले. दिवाळी अंकांतील लेख आणि विद्यार्थ्यांच्या विज्ञानप्रदर्शनातील तक्ते यांतही चौपाटीच्या उड्डाणाचा उल्लेख कोणताही आधार न देता होत असतो. ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ या तळपदे यांच्या स्वतःच्या पुस्तकाचा उल्लेख त्यांत क्वचितच सापडतो.